सांडणीस्वार वाटेत आहे

“निरोप एकदाच ऐकायचा, बाई. परत विचारायचा नाही, लिहून ठेवायचा नाही, आणि पोचवताना त्यात आपल्या पदरचं मीठ घालायचं नाही.”

असं म्हणून नरहर गंध्यांनी तो शिशाचा सांडणीस्वार माझ्या तळहातावर ठेवला. करंगळीच्या पेराएवढा उंट, त्यावर पुढे वाकलेला स्वार. अजून रंग लागला नव्हता, साच्यातून काढल्यावर राहिलेली शिशाची कड उंटाच्या मानेला तशीच होती. ती हाताला टोचली.

“आणि मधेच पडला तर?” मी विचारलं.

“कोण, उंट?”

“निरोप देणारा.”

टेबलाच्या पलीकडून सदानंद बोऱ्हाडे मोठ्यानं हसले. “नऱ्या, बाईंनी पहिल्याच दिवशी तुझे दिवस घातले की रे!”

“बरोबर विचारलं त्यांनी,” गंधे म्हणाले. “देणारा पडला तरी निरोप पडत नाही. उंट एकदा निघाला की तो पोचला पाहिजे, नाहीतर शत्रूच्या हाती लागला पाहिजे. मधल्यामधे विरून जायचं नाही. हा आपल्या मंडळाचा नियम.”

मी मान हलवली. नियम मला कळतात. उभा जन्म मी नेमातच काढला आहे.

मंडळाचं नाव ‘रणपट’. नाव भारदस्त, माणसं मोजून तीन. आमच्या नगरमध्ये लष्कराची वस्ती जुनी, त्यामुळे निवृत्त माणसाला तोफा-रणगाड्यांचं वेड असलं तर कुणाला नवल वाटत नसे. गंधे लष्करी कारखान्यात नकाशे काढायचे. बोऱ्हाडे एसटीत आगारप्रमुख होते. तिसरे प्रभाकर उजागरे, मिशनच्या शाळेत इतिहास शिकवायचे. दर गुरुवारी दुपारी हे तिघं बोऱ्हाड्यांच्या सावेडीतल्या बंगल्यात जमत आणि दिवाणखान्यात जोडून ठेवलेल्या दोन मोठ्या टेबलांवर जुन्या लढाया पुन्हा लढत. हिरव्या बनातीचं मैदान, निळ्या रेक्झीनची नदी, काड्यापेट्यांची गावं, आणि गंध्यांनी घरी शिसं वितळवून ओतलेले शेकडो शिपाई. फेरीमागून फेरी. कोणी किती सरकायचं ते शिंप्याच्या टेपनं मोजायचं, कोण पडलं ते फाशावर ठरवायचं. एक लढाई संपायला कधी कधी तीन-तीन महिने लागत. तोवर कुणी टेबलाला हात लावायचा नाही.

मी त्यात कशी शिरले? दत्ताच्या देवळात मी रोज वाती वळायला बसे. एका पौर्णिमेला गाभाऱ्यापुढे बोटभर जागेत ठिपक्यांची रांगोळी काढली होती. गंधे दर्शनाला आले आणि चष्मा कपाळावर चढवून रांगोळीवर वाकूनच राहिले. मग म्हणाले, “बाई, तुमचा हात चालतो तसा माझा चालत नाही. माझ्या शिपायांना डोळे काढून द्याल का?”

डोळे काढता काढता मी पंच झाले. त्यांना पंच हवाच होता. दोन्ही बाजूंचे बेत ज्याला ठाऊक आणि जो कुणालाच सांगणार नाही, असा. उजागरे म्हणाले होते, “या बाई दुपारचं जेवण मौनानं जेवतात. गुरुवारी तर जेवतच नाहीत. यांच्याइतका पंच जगात मिळायचा नाही.”

मी लग्न केलं नव्हतं. आई-वडिलांचं करता करता ते राहून गेलं, आणि मग ती दोघं गेली. हळदीकुंकवाला मला बोलवावं की नाही, हे गल्लीतल्या बायकांना कधी नीट ठरवता आलं नाही. इथं मात्र दोन्हींकडचं नसणं हाच माझा मान होता. टेबलाच्या मधल्या बाजूला माझी खुर्ची होती. त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसत नसे.

सांडणीस्वार एका फेरीत एक वीत जाईल असं ठरलं तेव्हा उजागरे म्हणाले, “कुणाची वीत? गंध्यांची म्हणजे निम्मं मैदान झालं.”

“पंचांची,” बोऱ्हाडे म्हणाले.

तेव्हापासून तो उंट माझ्याशिवाय कुणी हलवायचा नाही, असा रिवाज पडला.

त्या वर्षी त्यांनी असईची लढाई मांडली. इतिहासातली तिची गोष्ट मी त्यांच्याच तोंडून इतकी ऐकली होती की पाठ झाली होती. एकीकडे शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसरीकडे इंग्रज. मधे केळना नदी. इंग्रजाला उतार सापडेना. मग त्याला नदीच्या अलीकडे-पलीकडे समोरासमोर दोन गावं दिसली, आणि तो म्हणाला, दोन गावं अशी एकमेकांकडे तोंड करून असली तर मधे उतार असणारच; माणसं एकमेकांकडे गेल्याशिवाय राहत नाहीत. तिथून तो नदी उतरला. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी शेवटपर्यंत उभे राहिले. भोसल्यांचे घोडेस्वार मात्र रण सोडून गेले.

“मला नेहमी इंग्रजच का?” उजागऱ्यांनी दरवेळी विचारायचं असायचं. “नाव ख्रिस्ताचं घेतो म्हणून? माझा पणजा नेवाशात नांगर धरत होता!”

“तुला टोपी चांगली दिसते म्हणून,” गंधे म्हणायचे.

शिंद्यांच्या तोफा गंध्यांकडे, भोसल्यांचे घोडेस्वार बोऱ्हाड्यांकडे. बोऱ्हाड्यांची लेक ज्योत्स्ना नागपूरला दिलेली. त्यामुळे गंध्यांना आयतंच सापडलं होतं.

“नागपूरकर पळतात, सद्या. इतिहास आहे. तूपण शेवटी नागपूरलाच जाणार.”

“या खेपेला भोसले हलणार नाहीत,” बोऱ्हाडे आवाज चढवून म्हणाले. “नऱ्या, तुझा निरोप आल्याशिवाय माझं एक घोडं पाऊल उचलायचं नाही. बाई, ऐकलंत ना? हे लक्षात ठेवा.”

“आणि ज्योत्स्ना बोलावते त्याचं काय?”

“टेबलावर घरच्या गोष्टी नकोत.”

पत्नी गेल्यापासून बोऱ्हाडे एकटेच होते. लेक दर महिन्याला फोन करून ‘इकडे या’ म्हणे आणि ते दर महिन्याला काहीतरी काढत. जन्मभर गाड्या सोडल्या, पण स्वतः कधी त्यात बसून फार लांब गेले नाहीत. दोघं मित्र शाळेपासूनचे. एकमेकांना शिव्या देत. मनातलं मात्र कधी बोलत नसत.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता. सकाळी मी घट मांडून, पूजा करून, कहाणी वाचून आले होते. लढाई रंगात आली होती. गोरे घोडेस्वार शिंदे आणि भोसले यांच्या मधल्या पट्टीत शिरले होते. एकाच बाजूच्या दोन सरदारांनी टेबलावर बोलायचं नाही, जे सांगायचं ते उंटावरून, असा नियम. गंध्यांनी मला खिडकीपाशी बोलावलं.

“निरोप आहे.”

“सांगा.”

निरोप एका दमात बसेल एवढाच असावा लागे. गंध्यांनी दम घेतला. खोकले. पुन्हा दम घेतला आणि माझ्या कानाशी वाकून एका सुरात सांगून टाकला. शेवटचे शब्द अगदी बारीक आले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते हसत होते.

“असा निरोप चालतो?” मी विचारलं.

“एका दमात बसला की नाही?”

“बसला.”

“मग चालतो. तोंडानं सांगायला गेलो तर तो अंगावर येईल. टेबलावर आलेला हुकूम मात्र त्यानं आजवर मोडलेला नाही.” मग म्हणाले, “पोचवाल ना, बाई?”

“पोचवीन. पण उंट पोचल्यावरच.”

“तर! त्याआधी सांगितलात तर पंच कसल्या?”

मी उंट तोफांपासून हलवला, माझी वीत टेकली, आणि दोन फौजांच्या मधे मांडलेल्या ओढ्याच्या काठाशी त्याला उभा केला. भोसल्यांपर्यंत अजून दोन विती राहिल्या होत्या. पुढची फेरी इंग्रजांची. उजागऱ्यांना शाळेच्या नाताळ कार्यक्रमाच्या तालमीला जायचं होतं. “पुढच्या गुरुवारी तुमची गठडी वळतो,” म्हणून ते उठले, आणि खेळ तिथं थांबला.

पुढचा गुरुवार यायच्या आत गंधे गेले. सकाळी दाढीला बसले होते, आरशासमोरच. ते पुतण्याकडे राहायचे; त्यानंच सगळं केलं. अस्थी प्रवरासंगमाला नेल्या तेव्हा बोऱ्हाडे बरोबर होते. मी गेले नाही. माझं कोणतं नातं सांगून जाणार?

गुरुवारी मात्र मी नेमानं सावेडीला गेले. बोऱ्हाड्यांनी दार उघडलं. टेबल जसं होतं तसं होतं. उंट ओढ्याच्या काठाशी.

“काही हलवायचं नाही,” ते म्हणाले.

“उजागऱ्यांची फेरी आहे,” मी म्हटलं. “ते आले की—”

“येईल तेव्हा येईल.”

उजागरे आले नाहीत. दुसऱ्या गुरुवारीही नाही. रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, “बाई, ती रिकामी बाजू बघवत नाही मला. समोर गंध्या नसताना इंग्रज होऊन काय करू?”

त्यानंतर पुढल्या मार्गशीर्षापर्यंत दर गुरुवारी मी त्या घरी जात राहिले. रंगाच्या सगळ्यात बारीक ब्रशनं शिपायांवरची धूळ झाडायची, एकालाही न हलवता. मला तास-दीड तास लागायचा. बोऱ्हाडे आपल्या बाजूला, घोडेस्वारांच्या मागं खुर्ची टाकून बसायचे. माझा उपवास म्हणून माझ्यासाठी दाण्याची वाटी आणि गूळ काढून ठेवलेला असायचा. बोलणं फार नव्हतं. “थंडी पडली.” “पडली.” “नळाला पाणी आलं का तुमच्याकडे?” असलंच काहीतरी. पण आठवडाभरात माझा आवाज मला तेवढ्याच घरात ऐकू यायचा. देवळात देवाशी बोलते ते मनातल्या मनात. घरी भिंतींशी कोण बोलतं?

शिंद्यांच्या तोफांवरची धूळ झाडताना मी जरा जास्त वेळ लावत असे. त्या गोलंदाजांचे डोळे मीच काढले होते. गंध्यांनी एकदा भिंगातून बघून म्हटलं होतं, “बाई, हे नुसते बघत नाहीत, कुणाची तरी वाट बघताहेत.” बस, एवढंच. मला दुसरं काही कुणी म्हटलेलं नाही.

दिवाळीनंतर बोऱ्हाडे न्हाणीघरात घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण दूधवाला येईपर्यंत तसेच पडून होते. ज्योत्स्ना नागपूरहून धावत आली. मी गुरुवारी गेले तेव्हा स्वयंपाकघरात वडिलांसाठी लापशी ढवळत होती. मला बघून तिनं गॅस बारीक केला.

“मावशी, बाबांनी काय चालवलंय हे? मी म्हणते चला, तर म्हणतात, ‘निरोप आल्याशिवाय भोसले हलणार नाहीत.’ चेष्टा करताहेत असं आधी वाटलं. ती चेष्टा नाही.”

“नाही,” मी म्हटलं.

“निरोप तुमच्याकडे आहे म्हणे.”

“आहे.”

“मग सांगून टाका ना! गंधेकाकांनी काय सांगितलं होतं?”

ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “मावशी, खेळ आहे हो तो.”

“खेळच आहे,” मी म्हटलं. “पण मी पोचवीन म्हटलंय. नुसतं सांगणं म्हणजे पोचवणं नाही, बाळ. तुझे बाबा ते ऐकतील आणि म्हणतील, उंट कुठं आलाय? मग ते शब्द वाया जातील. पुन्हा सांगायला सांगणारा नाही.”

तिला ते पटलं नसावं. लापशी मात्र तिनं मलाही वाढायला घेतली. मग गुरुवार आठवून स्वतःच वाटी बाजूला ठेवली.

दिवाणखान्यात बोऱ्हाडे काठी गुडघ्यावर आडवी धरून बसले होते. मी माझ्या खुर्चीवर बसले. ब्रश हातात घेतला नाही.

“बोऱ्हाडेसाहेब, उजागऱ्यांना बोलावते.”

“कशाला?”

“त्यांची फेरी राहिली आहे.”

“राहू दे.”

“तुम्हाला निरोप ऐकायचा नाही का?”

त्यांनी उंटाकडे बघितलं. मग म्हणाले, “बाई, तुम्ही फार शहाण्या आहात, म्हणून सांगतो. तो उंट वाटेत आहे तोवर नऱ्याचं माझ्याशी बोलणं संपलेलं नाही. अजून काहीतरी यायचंय त्याच्याकडून. एकदा का तुम्ही तोंड उघडलंत, की झालं. मग तो गेलाच.”

मलाही ते ठाऊक होतं. आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती, जी त्यांना नव्हती. निरोप काय आहे ते. तो पोचला की या दिवाणखान्याला कुलूप लागणार होतं. दाण्याची वाटी, “थंडी पडली, पडली,” मधली खुर्ची, सगळं त्या दोन वितींच्या पलीकडे संपणार होतं. ते माझ्या हातात होतं, अगदी शब्दशः. आणि नाही सांगितलं, तर कुणी मला काही म्हणणार नव्हतं.

मी खाली बघत म्हटलं, “मार्गशीर्ष लागतोय. मी दर वर्षी गुरुवारचं व्रत धरते. घट मांडते, कहाणी वाचते. पण शेवटच्या गुरुवारी उद्यापन करावंच लागतं. घट विसर्जन करायचा, पानं झाडाच्या मुळाशी ठेवायची, फळ कुणाच्या तरी ओटीत घालायचं. जीव होत नाही. महिनाभर ती जागा भरलेली असते. पण उद्यापन केलं नाही तर ते व्रत राहत नाही, साहेब. नुसती सवय होते.”

मी ब्रश उचलला आणि धूळ झाडायला लागले. निघताना दारापर्यंत आले, काठी टेकत.

“शेवटचा गुरुवार कधी येतो?” त्यांनी विचारलं.

उजागऱ्यांच्या घरी नाताळची गडबड होती. अंगणात बांबूच्या कामट्यांची चांदणी अर्धी बांधलेली, आतून करंज्या तळल्याचा वास. उजागरे डिंकानं माखलेले हात वर धरून बाहेर आले. मी सांगितलं. ते पायरीवरच बसले.

“म्हणजे वर्षभर म्हातारा माझ्यामुळे अडकलाय? माझ्या एका फेरीसाठी?”

“तुमच्यामुळे नाही. पण तुमच्याशिवाय सुटणार नाही.”

“बाई, तुम्हाला आठवतंय का, माझे घोडेस्वार कुठं आहेत? ओढ्याच्या वरच. उंट माझ्या टप्प्यात आहे. नियमानं मला फासा टाकावा लागेल. सहा पडले तर निरोप माझ्या हातात.”

“आठवतंय.”

“मी म्हणेन, माझ्या स्वारांना तो दिसलाच नाही.”

“ते तुम्ही बोऱ्हाड्यांना सांगा,” मी म्हटलं.

शेवटच्या गुरुवारी सकाळी मी उद्यापन केलं. शेजारच्या मुलींना फळं दिली, घट उतरवला, आणि सावेडीला गेले. उजागरे आधीच आले होते. ज्योत्स्ना दारात उभी होती. बोऱ्हाड्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, जसा ते कामावर असताना घालत.

“तर,” उजागरे घसा साफ करून म्हणाले, “इंग्रजांची फेरी. माझे घोडेस्वार जागेवरच. त्यांना काही दिसलं नाही.”

“खोटं,” बोऱ्हाडे म्हणाले. “उंट समोर आहे. फासा टाक.”

“अरे सदा, कशाला?”

“नऱ्याला सवलत दिलेली खपायची नाही. टाक फासा. पंच, नियम काय म्हणतो?”

“टाकावा लागतो,” मी म्हटलं.

ज्योत्स्नानं ओठावर हात ठेवला. उजागऱ्यांनी मुठीत फासा खुळखुळवला, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले. त्यांच्या देवाला काय सांगितलं ते त्यांचं त्यांना. माझ्या देवाकडे काय मागावं ते मला कळेना, म्हणून मी काहीच मागितलं नाही. फासा बनातीवर पडला, नदीच्या कडेला आपटला, काड्यापेटीच्या पिंपळगावाला टेकून थांबला.

तीन.

“सुटला,” उजागरे म्हणाले, आणि खुर्चीत मागं टेकले. “सुटला गंध्या माझ्या हातून. नेहमीसारखा.”

मी उठले. उंटापुढे हात टेकला, अंगठा आणि करंगळी ताणली. एक वीत. उंट पुढे ठेवला. शिंद्यांची फेरी आली. तिकडच्या खुर्चीकडे कुणी बघितलं नाही. मी म्हटलं, “शिंदे जागेवर.” मग भोसल्यांची फेरी. “भोसले जागेवर,” बोऱ्हाडे म्हणाले. पुन्हा उजागऱ्यांची, आता उंट त्यांच्या टप्प्याबाहेर होता. मी दुसऱ्यांदा हात टेकला. बोटं पुरती ताणली गेली नाहीत, वीत जरा आखूड पडली असेल. कुणी काही म्हटलं नाही.

उंट भोसल्यांच्या निशाणापाशी उभा राहिला.

“निरोप आला आहे,” मी म्हटलं.

“कुणाचा?” बोऱ्हाड्यांनी विचारलं. असं विचारायचंच असतं.

“तोफांकडून. नरहर गंध्यांचा.”

“बोला.”

मी दम घेतला. वर्षभर रोज पूजेनंतर मी तो एकदा मनात म्हणत होते, एक अक्षर इकडचं तिकडे होऊ नये म्हणून. गंध्यांच्याच सुरात तो बाहेर आला:

“सद्या, तोफा मी सांभाळतो, तू घोडी घेऊन उतारानं निघून जा, हे पळणं नव्हे, हा माझा हुकूम आहे, आणि खेळ संपला की लेकीकडे जा, खरंच जा, गाढवा, माझ्यासाठी या गावात बसून राहू नकोस, मी आहे इथं.”

स्वयंपाकघरात काहीतरी उतू गेलं, तरी ज्योत्स्ना जागची हलली नाही.

“गाढवा म्हणाला?” बोऱ्हाड्यांनी विचारलं.

“म्हणाले.”

“तुम्ही मीठ नाही ना घातलं?”

“नाही.”

ते हसायला लागले. हसता हसता त्यांनी काठी बाजूला ठेवली, दोन्ही हात पुढे केले आणि भोसल्यांचे घोडेस्वार एकेक करून उचलून उताराकडे सरकवायला लागले. उजागऱ्यांनी टेप पुढे केला. त्यांनी तो घेतला, नीट मोजलं. एकाही घोड्याला नियमापेक्षा जास्त नेलं नाही. शिंद्यांचे गोलंदाज मागं तोफांपाशी तसेच उभे राहिले.

पुढल्या आठवड्यात खोकी भरली. शिपाई कापसात गुंडाळून उजागऱ्यांच्या शाळेकडे गेले. कापूस मी दिला, वातींचा. टेबलं उचलल्यावर फरशीवर त्यांच्या पायांच्या फिकट खुणा राहिल्या. ज्योत्स्ना म्हणाली, “मावशी, नागपूरला या हं.” मी हो म्हटलं. असं आपण म्हणतोच.

निघायच्या आदल्या दुपारी बोऱ्हाड्यांनी मला खिडकीपाशी बोलावलं, त्याच खिडकीपाशी. त्यांच्या तळहातावर उंट होता.

“हा खोक्यात घातला नाही,” ते म्हणाले. “बाई, उलट निरोप न्यायला चालतो ना?”

“चालतो. उंट आल्या वाटेनं परत जातो.”

“तिकडे कुणी नाही, मला माहीत आहे. मी त्या संगमावर स्वतः होतो. पण तुमचा नियम आहे, निघाला की पोचतो.”

“आहे.”

“मग ऐका.” त्यांनी दम घेतला. त्या वयात पुरेल एवढा मोठा. आणि एका दमात सांगितलं.

तो निरोप मी इथं लिहीत नाही. तो माझ्यासाठी नव्हता, तुमच्यासाठीही नाही.

“पोचवाल ना?” त्यांनी विचारलं.

“पोचवीन.”

गुरुवारी पहाटेच्या गाडीनं ते गेले. आयुष्यभर ज्या आगारातून गाड्या सोडल्या, तिथूनच. मी निरोप द्यायला गेले नाही. माझी पूजा व्हायची होती. आता कित्येक वर्षं झाली. पण त्या गुरुवारची सकाळ मला वातींसारखी एकेक वळून आठवते. दिवा लावला, अध्याय वाचला. घट काढलेल्या जागी पाट रिकामा होता. नऊवार बदलून साधी सुती नेसले, उंट रुमालात बांधला, पण मग रुमाल सोडून तो मुठीतच धरला. कडी लावली. शेजारीण अंगण झाडत होती.

“गुरुवारचं कुठं निघालात? सावेडीला?”

“नाही. जरा पुढे.”

स्टँडवर औरंगाबादची गाडी लागली होती. खिडकीची जागा मिळाली. संगमावर अलीकडे प्रवरासंगम, पलीकडे टोके, दोन गावं एकमेकांकडे तोंड करून बसलेली आहेत, असं ऐकून होते, बघितलं नव्हतं. गाडी हलली तसा मी निरोप मनात एकदा म्हणून पाहिला. अक्षर न् अक्षर होतं.

कंडक्टर शेजारी येऊन उभा राहिला. “कुठं, मावशी?”

“प्रवरासंगम.”

“किती?”

उंटाच्या मानेची ती कड तळहाताला टोचत होती.

“एक,” मी म्हटलं.